लपविण्यासारखे काय आहे?

मोबाइलमधील खासगी माहितीची गोष्ट निघाली की, “आमच्याजवळ लपविण्यासारखे आहेच काय?” असे आम्हीही म्हणत असू. परंतु न्हाणीघराची कडी आपण काही पाप झाकण्यासाठी लावीत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने निर्णय दिला की, खासगीपणा हा संविधानाच्या २१व्या कलमातील जीवित व व्यक्तिगत स्वातंत्र्य यांच्या हक्काचाच भाग होय. संसदेच्या २०२३च्या कायद्यानेही, एकदा दिलेली संमती मागे घेता यावी, असे ठरविले.

पण एखाद्या ॲपला आपण नावांची यादी उघडून दिली की शेजाऱ्यांचे, विहीणबाईंचे, डॉक्टरांचेही क्रमांक तिच्याबरोबर जातात. त्यांना कोणी विचारले? म्हणून ‘परवानगी द्या’ या शब्दांवर बोट ठेवण्यापूर्वी, हे देण्याचा अधिकार आपला आहे काय, एवढे पाहावे.