बस्तिमर्म, भय आणि श्रोणितल : वारंवार मूत्रप्रवृत्तीची एक दुर्लक्षित संप्राप्ति

दिवसातून वीस वेळा लघवीला जावे लागते, जाऊन आल्यावरही समाधान होत नाही, आणि तपासणीत मात्र काहीच निघत नाही, ही तक्रार न ऐकलेला वैद्य विरळाच. अशा रुग्णाच्या पिशवीत लघवीच्या तपासणीचे चार-पाच अहवाल आणि प्रतिजैविकांची रिकामी पाकिटे असतात. पूयपेशी नाहीत, कल्चर निर्जंतुक, सोनोग्राफी निर्दोष. अखेरीस कोणीतरी 'हे सारे मनाचे आहे' असे सांगून त्याची बोळवण करतो. हे म्हणणे अर्धेच खरे असते. हेतू मनात असला तरी व्याधी मूत्राशयात आणि त्याखालील स्नायूंत प्रत्यक्ष घडत असतो व तेथेच त्याची चिकित्साही करावी लागते. या विषयाकडे आमचे लक्ष आमच्याच एका चुकीमुळे वळले. म्हणून प्रथम तीच नमूद करतो.

एक रुग्णवृत्त

काही वर्षांपूर्वी ३८ वर्षे वयाच्या एक प्राथमिक शिक्षिका आमच्याकडे आल्या. घरापासून शाळा एस.टी.ने सव्वा तासावर. शाळेतील स्वच्छतागृह वापरण्याजोगे नव्हते, त्यामुळे सकाळी निघाल्यापासून दुपारी परतेपर्यंत मूत्रवेग धरून ठेवणे हा त्यांचा वर्षानुवर्षांचा परिपाठ झाला होता. पुढे वाटेत अडचण होईल या भीतीने घरून निघण्यापूर्वी दोन-तीन वेळा जाऊन येण्याची सवय जडली. त्यातच बदलीची टांगती तलवार. लघवीची धार सुरू होण्यास वेळ लागे, ती मध्येच तुटे, कुंथावे लागे. दाह नव्हता, ज्वर नव्हता. रात्री मात्र झोप अखंड लागे.

आम्ही गोक्षुरादि गुग्गुळ, चंद्रप्रभा वटी व पुनर्नव्याचा काढा दिला. स्नायू शिथिल झाले असावेत असे गृहीत धरून रोज शंभर वेळा अश्विनी मुद्रा करण्यासही सांगितले. महिन्याने त्या परत आल्या त्या अधिक त्रस्त होऊन. माकडहाडाशी ठणका लागला होता आणि धार सुरू होणे आणखी कठीण झाले होते. 'डॉक्टर, तुम्ही सांगितले तसेच केले हो,' एवढेच त्या म्हणाल्या. त्यांनी खरोखरच तसे केले होते. चूक आमच्या निदानाची होती. एका अनुभवी स्त्री फिजिओथेरपिस्टकडे त्यांना पाठविले असता श्रोणितलाचे स्नायू विश्रांतीच्या अवस्थेतही आकुंचित असल्याचे आढळले. आधीच आवळलेली मूठ आम्ही आणखी आवळण्यास सांगितली होती, आणि जोडीला मूत्रल द्रव्ये देऊन मूत्राचे प्रमाणही वाढविले होते.

शास्त्रदृष्टी

चरकाचार्यांनी हृदय, बस्ति व शिर ही तीन प्रधान मर्मे मानली आहेत. मनाचे अधिष्ठान आणि मूत्राचा आशय एकाच मालिकेत यावेत, हे या विषयाच्या संदर्भात मननीय आहे. भय, शोक व चिंता वातप्रकोप करतात. कटि, श्रोणि व बस्ति ही अपानाची क्षेत्रे होत. उचित काळी मूत्राचे धारण आणि उचित काळी त्याचे उत्सर्जन ही दोन्ही कर्मे प्राकृत अपानावर अवलंबून आहेत. मूत्रवह स्रोतसाच्या दुष्टीच्या हेतूंत मूत्रवेगाच्या निग्रहाचा उल्लेख आहेच.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मूत्राघाताचे बारा प्रकार वर्णिले आहेत. त्यांपैकी वातबस्तीमध्ये वेग रोखल्याने प्रकुपित झालेला वायू मूत्राशयाचे मुख अवरुद्ध करतो. मूत्रातीत या प्रकारात वेग धरून नंतर विसर्जनाची इच्छा केली असता मूत्र येत नाही, अथवा कुंथल्यावर मंद वेदनेसह थोडे थोडे, पुन्हा पुन्हा येते. आमच्या शिक्षिकेचे वर्णन याहून वेगळे काय होते?

आधुनिक विवेचन

निरोगी प्रौढ मूत्राशयात साधारणपणे ३०० ते ५०० मि.लि. मूत्र मावते आणि दिवसभरात सात-आठ वेळा जाणे स्वाभाविक मानले जाते. विसर्जनाच्या वेळी आधी श्रोणितल व बाह्य मूत्रमार्ग-संकोचक सैल होतात, नंतर मूत्राशयाची भिंत आकुंचन पावते. या क्रमाचे नियंत्रण मस्तिष्क-स्तंभातील ज्या केंद्राकडे आहे त्याचे वर्णन बॅरिंग्टन यांनी १९२५ मध्ये केले. मेंदूच्या वरच्या भागांकडून 'स्थळ-काळ सुरक्षित आहे' असा संकेत मिळाल्याखेरीज हे केंद्र अनुमती देत नाही. भयभीत मनुष्याला परक्या ठिकाणी धार सुरू करणे का जड जाते, याचा उलगडा येथे होतो.

भयाने श्रोणितलाचे स्नायू आवळले जातात, हेही प्रयोगाने दिसून आले आहे. नेदरलंड्समधील संशोधकांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्त्रियांना भीतिदायक चित्रफिती दाखविल्या असता श्रोणितलाबरोबरच खांद्याच्या स्नायूंचीही क्रियाशीलता वाढल्याचे नोंदले गेले. चिंता दीर्घकाळ टिकली की हे आवळणेही टिकते. श्रोणितल आवळलेले असताना मूत्राशयाचे आकुंचन प्रतिक्षिप्त क्रियेने दबते. धार तुटते, मूत्र शेष राहते आणि वेग लवकर येतो. 'असू द्यावे म्हणून' वरचेवर जाण्याच्या सवयीने मूत्राशयाला अल्प मात्रेवरच वेगाची जाणीव होऊ लागते. वाढलेली वारंवारता पुन्हा चिंता वाढविते. या चक्रात कारण कोणते आणि कार्य कोणते, हे शोधण्यापेक्षा ते एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी तोडणे हिताचे.

परीक्षण

तीन दिवसांची मूत्र-नोंदवही हे सर्वांत स्वस्त व उपयुक्त साधन होय. वेळ, मात्रा, प्यायलेले पाणी व चहा, आणि त्या वेळची मनःस्थिती इतके लिहून आणण्यास सांगावे. धार विलंबाने सुरू होणे, ती तुटणे, माकडहाड वा विटपप्रदेशी ठणका, मलावष्टंभ, मैथुनसमयी वेदना, परीक्षा वा प्रवासात वाढ आणि झोपेत उपशय, ही लक्षणे एकत्र असल्यास श्रोणितलाच्या ताठरपणाचा संशय घ्यावा. सोनोग्राफीत विसर्जनोत्तर शेष मूत्र अवश्य मोजून घ्यावे.

तथापि अन्य व्याधी वगळल्याशिवाय हे निदान करू नये. मूत्रपरीक्षण, कल्चर व रक्तशर्करा या तपासण्या प्रत्येक रुग्णात हव्यात. एकदाही वेदनारहित रक्त दिसले, तर मूत्ररोगतज्ज्ञाकडे पाठविण्यास विलंब नको. पूयपेशी आहेत पण कल्चर वारंवार निर्जंतुक, अशा वेळी मूत्रवह संस्थेच्या क्षयाचा विचार करावा. पन्नाशीपुढील पुरुषांत पौरुषग्रंथी तपासावी. गुदाभोवती बधिरता, पायांत दुर्बलता व मूत्रावरोध एकत्र असल्यास त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे. 'मनाचे आहे' म्हणून कर्करोग निसटला, तर ती चूक आमच्या उपरोक्त चुकीहून कितीतरी गंभीर ठरेल.

चिकित्सा

मूत्रवेगधारणजन्य विकारांत चरकाचार्यांनी स्वेद, अवगाह, अभ्यंग, अवपीडक घृत व त्रिविध बस्तिकर्म सांगितले आहे. यातील एकही उपक्रम आवळणारा नाही, सर्व वातशामक व शैथिल्यकर आहेत. आम्ही कटि, उदर व ऊरुप्रदेशी बला तैलाचा अभ्यंग, त्यानंतर दशमूळ क्वाथाचा सुखोष्ण अवगाह पंधरा ते वीस मिनिटे, आणि रुग्णबल पाहून सहचर तैलाची ६० मि.लि. मात्राबस्ति असा क्रम ठेवतो. मलावष्टंभ दूर करणे अनिवार्य. चिंता व अनिद्रा प्रबळ असल्यास अश्वगंधा, जटामांसी व शिरोधारा यांचा उपयोग होतो. मूत्रल द्रव्ये मात्र येथे हात राखूनच वापरावीत.

श्वास घेताना पोट फुगू द्यावे व त्याच वेळी श्रोणितल खाली सैल सोडावे, असा अभ्यास दिवसातून तीन वेळा पाच-पाच मिनिटे करवून घ्यावा. विसर्जनासाठी नीट बसावे, अधांतरी राहू नये, कुंथू नये. नोंदवही पाहून दोन वेळांमधील अंतर दर आठवड्यास पंधरा मिनिटांनी वाढवावे. कीगल यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेले आकुंचनाचे व्यायाम, तसेच आपल्याकडील मूलबंध व अश्विनी मुद्रा, प्रसूतीनंतर शिथिल झालेल्या श्रोणितलात गुणकारी आहेत. ताठर श्रोणितलात प्रथम शैथिल्य साधल्याशिवाय त्यांची योजना करू नये. तीव्र चिंताविकार वा पूर्वीच्या अत्याचाराचा इतिहास असल्यास मानसोपचारतज्ज्ञाचे साहाय्य घेण्यात कमीपणा मानू नये.

वरील क्रमाने आमच्या रुग्णेस तीन महिन्यांत अडीच तासांचे अंतर साधले व वेदना शमली. परीक्षांच्या दिवसांत तक्रार आजही डोके वर काढते, पण आता काय करावयाचे हे त्यांना ठाऊक आहे.

औषध विक्रेत्यांस विनंती

असा रुग्ण बहुधा आधी आपल्या दुकानात येतो. 'मागच्या वेळची गोळी द्या' म्हणून प्रतिजैविकाचे चार दिवसांचे पाकीट मागतो. चिठ्ठीविना व कल्चरविना ते देऊ नये. जंतू नसताना त्याचा लाभ नाही आणि प्रतिकारक्षम जंतू मात्र वाढतात. सर्दीच्या काही गोळ्यांतील स्यूडोएफेड्रीन व जुन्या वर्गातील अँटिहिस्टामिन द्रव्ये मूत्रावरोध करू शकतात, म्हणून चालू औषधांची चौकशी करावी. मूत्रल काढ्याची तिसरी बाटली मागणाऱ्यास वैद्याकडे धाडावे.

शेवटी एक गोष्ट नोंदविणे आवश्यक वाटते. मुंबईत २०११ च्या सुमारास स्त्रियांनी मूत्रविसर्जनाच्या हक्कासाठी चळवळ उभारली, तेव्हा अनेकांनी ती हसण्यावारी नेली. शिक्षिका, वाहक, वाहतूक पोलीस, बाजारात बसणाऱ्या स्त्रिया यांच्या व्याधीचा हेतू पुष्कळदा स्वच्छतागृहाच्या अभावात असतो, आणि निदानपरिवर्जन ही चिकित्सेची पहिली पायरी आहे. आमच्या रुग्णेच्या शाळेत पुढे ग्रामपंचायतीने स्वच्छतागृह दुरुस्त केले. त्यासाठी अर्ज त्यांनीच लिहिला होता. आम्ही सोबत वैद्यकीय शिफारसपत्र जोडले. वैद्यबंधुभगिनींनीही प्रसंगी अशी पत्रे लिहावीत, ही विनंती.