शेतजमिनीत बहीण-भावांचा वाटा

दावा कुठे? वाद घरातला असला तरी वाटपाचा दावा दिवाणी न्यायालयात. कौटुंबिक न्यायालयात मुख्यतः वैवाहिक प्रकरणे चालतात.

वडिलोपार्जित जमीन : हिंदू एकत्र कुटुंबात मुलगी जन्मतःच सहदायाद, मुलाइतकीच वाटेकरी. महाराष्ट्रात हा हक्क २२ जून १९९४ पासून; मात्र त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळलेल्या. केंद्राच्या दुरुस्तीने ९ सप्टेंबर २००५ पासून ही अट गेली. त्या दिवशी वडील हयात असलेच पाहिजेत असे नाही (सर्वोच्च न्यायालय, ११ ऑगस्ट २०२०). २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेले वाटप कायम.

स्वकष्टार्जित जमीन : मृत्युपत्र नसल्यास पत्नी, आई, मुलगे, मुली समान वारस. जमीन ४ एकर, मागे पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी : प्रत्येकी ४० गुंठे, म्हणजे एक एकर.

सातबारा : ही महसुली नोंद, फेरफाराने मालकी ठरत नाही. अनेक उताऱ्यांवर भावांची नावे कब्जेदार म्हणून आणि बहिणींची ‘इतर हक्क’ रकान्यात दिसतात. तेवढ्याने बहिणीचा वाटा बुडत नाही.

वाटप : सर्व सहधारक राजी असल्यास तहसीलदारांकडे (जमीन महसूल संहिता १९६६, कलम ८५). दाव्यात न्यायालय हिस्से ठरवते. सारा लागू असलेल्या जमिनीची प्रत्यक्ष फोड जिल्हाधिकाऱ्यांमार्फत.

हक्कसोडपत्र : नोंदणी बंधनकारक. नोंदणीनंतर ते सहजी मागे घेता येत नाही. बहिणींनी सही करण्यापूर्वी गट क्रमांक आणि क्षेत्र स्वतः वाचून घ्यावे.