छोट्या मिगवरील मळ

सहा फुटी वैमानिक जेथे एका इंचाचा होतो, त्या १:७२ प्रमाणातले मिग-२१ नुसते चंदेरी रंगवून भागत नाही. १९६३ मध्ये हवाई दलात आलेले आणि २०२५ मध्ये निवृत्त झालेले हे विमान. त्याच्या अंगावर सेवेच्या खुणा हव्यातच. मात्र प्रत्येक खुणेला कारण असावे. तप्त वायू बाहेर पडतात तेथील धातू करपट, निळसर दिसावा; तेलाचे ओघळ वाऱ्याच्या ओढीने मागे जावेत. रंगावर वॉर्निशचा थर द्यावा, तो वाळल्यावर सांध्यांत पातळ तैलरंग सोडावा व ओला असतानाच मागच्या दिशेस पुसावा. हौशी मंडळी येथेच हात सैल सोडतात! प्रत्यक्षातील मिलिमीटरभर फट या प्रमाणात केसाहूनही बारीक ठरते; तिची काळीभोर रेघ केली, की विमानाचे पत्र्याचे खेळणे होते.