श्रावण घेवड्याच्या जुन्या जाती आणि आपले परसदार

उन्हाळा आला की आपल्यापैकी अनेकांच्या परसात टोमॅटो, मिरच्या, मेथी, कोथिंबीर हजर असते. श्रावण घेवडा लावायचा म्हटले की मात्र बहुतेक मंडळी दुकानात दिसेल ते पाकीट उचलतात. रॉचेस्टरजवळ मी बरीच वर्षे घेवडा लावतो आहे. त्या अनुभवावरून सांगावेसे वाटते, की थोडी चौकशी करून जुन्या जाती लावा. इकडे त्यांना ‘हेअरलूम’ म्हणतात. घरातले दागिने पिढ्यान्‌पिढ्या चालत यावेत, तसे चालत आलेले हे बियाणे.

घेवडा आपल्याला अगदी देशी वाटतो, पण तो मूळचा याच खंडांतला. मेक्सिकोकडे आणि दक्षिणेला अँडीजच्या डोंगरांत अशा दोन ठिकाणी लोकांनी तो रानवेलींपासून स्वतंत्रपणे माणसाळवला. कोलंबसानंतर तो युरोपात गेला आणि युरोपियनांबरोबर भारतात आला. ‘फरसबी’ हे नाव ‘फ्रेंच बीन्स’वरूनच पडले. साताऱ्याकडचा वाघ्या घेवडाही याच कुळातला. वाल आणि पावटा यांचे कूळ मात्र वेगळे. तेव्हा आपण घेवड्याच्या माहेरी राहतो आहोत असे म्हणायला हरकत नाही.

घेवडा निवडताना दोन्ही कडांच्या शिरा ओढण्याचे काम सर्वांच्या परिचयाचे आहे. इथून जवळच असलेल्या लरॉय गावच्या कॅल्विन कीनी यांनी निवड करून बिनशिरांच्या जाती तयार केल्या. ‘बर्पीज स्ट्रिंगलेस ग्रीन पॉड’ ही त्यांची जात १८९४ साली बाजारात आली. पुढे डबाबंद भाजीचे कारखाने आणि यंत्राने तोडणी यांचा जमाना आला. यंत्राला झुडूप ठेंगणे हवे आणि सगळ्या शेंगा एकदम तयार व्हायला हव्यात. ‘ब्लू लेक’ हा मूळचा उंच वेल. त्याची ‘बुश ब्लू लेक २७४’ ही झुडपी जात १९६१ साली आली. शेतकऱ्याची सोय झाली, पण घरी आपल्याला दोन आठवड्यांत टोपलीभर शेंगा नको असतात. रोजच्या भाजीपुरत्या हव्या असतात, आणि त्यासाठी वेलच बरा.

वेलांमध्ये ‘केंटकी वंडर’ पहिल्यांदा लावून पाहावा. एकोणिसाव्या शतकात तो ‘ओल्ड होमस्टेड’ नावानेही विकला जाई. शेंगा लांब आणि चवदार. जून झाल्या तर शिरा काढाव्या लागतात, म्हणून कोवळ्या तोडाव्यात. दुसरा ‘चेरोकी ट्रेल ऑफ टिअर्स’. १८३८-३९ मध्ये चेरोकी लोकांना घरादारातून हुसकावून पश्चिमेला नेले, हजारो माणसे वाटेत गेली. त्या प्रवासात हे काळेभोर बी त्यांनी बरोबर नेले, असे सांगतात. १९७७ साली ओक्लाहोमाच्या डॉ. जॉन वाइच यांनी ते ‘सीड सेव्हर्स एक्स्चेंज’ या संस्थेला दिले, म्हणून आज ते तुम्हाआम्हाला मिळते.

मुद्दा हाच आहे. जुन्या जातीला कंपनीचा आधार नसतो. कॅटलॉगमधून नाव गेले आणि कोणाच्या घरच्या बरणीत बी उरले नाही, की ती जात संपली. सुदैवाने घेवड्याचे बी राखणे अतिशय सोपे आहे. त्याचे फूल उमलण्याआधीच बहुधा स्वतःच्या परागाने फळते, त्यामुळे भेसळ क्वचित होते. तरी दोन जातींमध्ये दहा-वीस फूट अंतर असावे.

थंडी पडण्याची भीती सरली, माती साठ अंश फॅरनहाइटपर्यंत तापली, की बी एक इंच खोल पेरावे. आमच्याकडे ही वेळ मेमोरियल डेच्या सुमारास येते. वेलाला सहा-आठ फुटी काठ्या द्याव्यात. बियाण्याचे निरोगी वेल सुरुवातीलाच दोरा बांधून वेगळे ठेवावेत आणि त्यांच्या शेंगा भाजीसाठी तोडू नयेत. चांगले खाऊन उरलेसुरले बियाण्याला ठेवण्याची आपली सवय इथे घातक ठरते. ज्या वेलाची पाने चट्ट्यापट्ट्यांची व सुरकुतलेली दिसतील त्याचे बी घेऊ नये. रोग बियातून पुढे जातो.

शेंगा वेलावरच वाळून खुळखुळू लागल्या की सोलाव्यात. बियात नख रुतेनासे होईपर्यंत सावलीत वाळवावे. मग घट्ट झाकणाच्या बरणीत भरून काही दिवस फ्रीझरमध्ये ठेवावे, म्हणजे भुंगे मरतात. कोरड्या, थंड जागी असे बी तीन-चार वर्षे सहज उगवते. बरणीवर जातीचे नाव आणि साल लिहायला विसरू नका.

भारतातून येताना वाघ्या घेवड्याचे बी बॅगेत टाकण्याचा मोह मात्र आवरा. पेरणीच्या बियाण्याला सरकारी कागदपत्रे लागतात, नाहीतर विमानतळावर ते जप्त होते.

मूठभर बी आणि काठ्यांची एक रांग एवढ्यावर एक जात आणखी एक वर्ष जगते. पुढच्या वसंतात मंडळाच्या कार्यक्रमाला मी दोन्ही जातींच्या पुड्या घेऊन येईन. अट एकच: शरद ऋतूत त्यातले मूठभर बी तुम्हीही आणखी कोणाला द्यावे.