अळंबीला ऊन दाखवा!

दोस्तांनो, भाजीवाल्याकडे डब्यात मिळणारी पांढरी बटण अळंबी तुम्ही पाहिली असेलच. मश्रूम हो! ही बिचारी वाढते अंधाऱ्या खोलीत. पुढच्या वेळी घरात आली की आईला किंवा बाबांना एक गंमत करायला सांगा. अळंबी चिरायची, ताटात पसरायची आणि भर दुपारच्या उन्हात अर्धा-पाऊण तास ठेवायची. मग खुशाल भाजी करा. ऊन खाल्लेल्या १०० ग्रॅम अळंबीत साधारण १० मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त 'ड' जीवनसत्त्व तयार होतं. तुम्हाला दिवसाला लागतं १५ मायक्रोग्रॅम!

हे घडतं कसं? अळंबीच्या प्रत्येक पेशीला एक पातळ आवरण असतं. ते धड राहावं म्हणून त्यात अर्गोस्टेरॉल नावाचा पदार्थ असतो. आपल्या पेशींत हेच काम कोलेस्टेरॉल करतं. दोघंही स्टेरॉइडच्या घराण्यातले. दचकलात ना? स्टेरॉइड म्हटलं की आपल्याला स्पर्धेतून बाद झालेले खेळाडूच आठवतात. पण ज्यांच्या रेणूत चार कड्या एकमेकींना चिकटलेल्या असतात, ती सगळी मंडळी या घराण्यातली. त्यात भली खूप आहेत. उन्हातले अतिनील किरण अर्गोस्टेरॉलवर पडले की त्यातली एक कडी उघडते आणि त्याचं 'ड-२' जीवनसत्त्व बनतं.

हा पदार्थ १८८९ साली फ्रान्समध्ये शार्ल तांरे यांनी राय नावाच्या धान्यावरच्या अरगट बुरशीतून वेगळा काढला. (आपल्या बाजरीवर पडतो तो अरगट याचाच भाऊबंद.) त्याचा उपयोग काय, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या काळी युरोपातल्या धुरकट शहरांत मुडदुसाने मुलांचे पाय धनुष्यासारखे वाकत. १९१९ साली बर्लिनच्या डॉ. कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी अशा मुलांना अतिनील दिव्याखाली ठेवून बरं केलं. पुढे अमेरिकेत हॅरी स्टीनबॉक यांनी तोच प्रकाश अन्नावर पाडला, तर ते अन्नही गुणकारी झालं! अन्नात असं बदलतं तरी काय? शोधता शोधता शास्त्रज्ञ अर्गोस्टेरॉलपाशी येऊन पोहोचले. या घराण्याचा छडा लावणारे जर्मनीचे आडोल्फ विंडाउस यांना १९२८ साली नोबेल पारितोषिक मिळालं.

आणखी एक मजा. गजकर्ण झालं की क्लोट्रिमॅझोलचं मलम लावतात ना? ते गजकर्णाच्या बुरशीला अर्गोस्टेरॉल बनवूच देत नाही. तिचं आवरण गळकं होतं आणि ती वाढेनाशी होते. आपल्या पेशींत अर्गोस्टेरॉल नसतंच, त्यामुळे आपल्याला धक्का लागत नाही.

आई-बाबांसाठी दोन शब्द. रेशीसारख्या औषधी अळंब्यांच्या महागड्या कॅप्सूलच्या जाहिराती दिसतात. त्यांतल्या काही स्टेरॉइडांनी काचेच्या बशीतल्या कर्करोगाच्या पेशी रोखल्या आहेत, हे खरं. पण बशी वेगळी आणि माणूस वेगळा. अशा कॅप्सूलच्या भरवशावर डॉक्टरांचं औषध बंद करू नका.

आणि मुलांनो, पावसाळ्यात रानात उगवलेल्या छत्र्या कितीही सुंदर दिसल्या तरी तोडून खायच्या नाहीत हं. त्यांतल्या काही जीवघेण्या असतात, आणि ऊन दाखवून किंवा शिजवून त्यांचं विष जात नाही. आपला प्रयोग दुकानातल्या अळंबीवरच. आणि ताट गच्चीत नाहीतर अंगणात ठेवा. खिडकीच्या काचेआड ठेवलंत तर ऊन दिसेल, पण हवे ते किरण काचेतून आत येणार नाहीत.