फ्रिजखालचं पाणी
पनवेलच्या पावसाळ्यात फ्रिजखाली पाणी दिसलं की पहिला संशय भिंतीच्या ओलीवर जातो. पण फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये बर्फ वितळून झालेलं पाणी मागच्या बारीक नळीतून कॉम्प्रेसरजवळच्या ट्रेमध्ये उतरतं आणि तिथल्या उष्णतेने वाफ होऊन जातं. नळी तुंबली तर ते भाजीच्या खणाखाली साचतं. ट्रे तडकला तर थेट फरशीवर. म्हणून मेकॅनिकला बोलावण्याआधी आतला तळ पाहावा. कॅराव्हॅनमधल्या, म्हणजे चाकांवरच्या घरातल्या, फ्रिजची गोष्ट वेगळी. तिथे छताच्या सांध्यातलं पावसाचं पाणीही फ्रिजमागे झिरपू शकतं, आणि स्क्रू सोडवून फ्रिज बाहेर काढल्याशिवाय गळतीचं मूळ सहसा सापडत नाही. काढताना प्लग आधी काढा, फ्रिज उभाच ठेवा. आडवा करावा लागलाच, तर उभा केल्यावर काही तास थांबूनच चालू करा. कॉम्प्रेसरचं तेल परत जागेवर यायला तेवढा वेळ लागतो.