विधिमंडळ आणि गावची शाळा

महाराष्ट्राच्या विधिमंडळाची दोन सभागृहे आहेत : २८८ लोकनिर्वाचित सदस्यांची विधानसभा व ७८ जागांची स्थायी विधानपरिषद. विधेयक संमत होऊन राज्यपालांची अनुमती मिळाली म्हणजे त्याचा कायदा होतो. धनविधेयक परिषदेला चौदा दिवसच ठेवून घेता येते. अखेरचा निर्णय विधानसभेचा.

या परंपरेचा आरंभ मुंबईत १८६२ साली झाला. तेव्हाचे सारे सभासद सरकारनियुक्त होते. तेथेच विठ्ठलभाई पटेल यांच्या विधेयकाचा १९१८ साली कायदा होऊन नगरपालिकांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचा अधिकार मिळाला. खेड्यांची सोय मात्र १९२३ च्या कायद्याने झाली. जिल्हा परिषदा १९६१ च्या कायद्यातून निर्माण झाल्या.

सभागृहातील मत खेड्यातील फळ्यापर्यंत पोचते, हे शिक्षकांनी विद्यार्थ्यांना आपल्याच शाळेच्या उदाहरणाने समजावून द्यावे.